हरवलेल्या रोजनिशीची कादंबरी: शोधाआधी हरवणे पक्के करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाच्या आठवड्यात शनिवारवाड्यातल्या एका कारकुनाने ठेवलेली रोजनिशी आजच्या पुण्यातली दोन माणसे शोधताहेत, अशी रहस्यकादंबरी लिहायची आहे. आराखडा तयार आहे, पण पन्नासेक पानांनंतर गोष्ट ‘या वाड्यातून त्या वाड्यात’ एवढीच उरते. कोडी, नकाशे, पाठलाग घालूनही उत्कंठा टिकत नाही. काय चुकते आहे?

चूक बहुधा शोधात नसते, हरवण्यात असते. लेखक शोधाचे टप्पे आधी आखतो आणि रोजनिशी हरवली कशी हे शेवटच्या प्रकरणात ओढूनताणून बसवतो. मग प्रत्येक धागा लेखकाने मुद्दाम टाकून ठेवल्यासारखा दिसतो, कारण तो खरोखरच तसा टाकलेला असतो. कागद माणसांच्या हातांतून जातो. कुणी तो जपतो, कुणी लपवतो, कुणी रद्दीत घालतो, आणि प्रत्येकाला तसे करण्याचे स्वतःचे कारण असते. ती कारणे पक्की झाली की शोध आपोआप उभा राहतो, कारण शोधणारा उलट दिशेने त्याच हातांवरून चालत असतो.

म्हणून पहिले काम प्रकरणे पाडण्याचे नाही, तक्ता करण्याचे आहे. १७७३ ते आज म्हणजे अडीचशे वर्षे. पिढीला तीस-पस्तीस वर्षे धरली तर सात-आठ हात होतात. तक्त्यात पाच रकाने घ्या: साल, कुणाकडे, का जपली, हातची का गेली, आणि ती तिथे आहे हे दुसऱ्या कुणाला ठाऊक होते. तिसरा रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात. अडीचशे वर्षांपूर्वीचा, वाचता न येणारा कागदाचा गठ्ठा कुणी उगाच सांभाळत नाही. सनदांबरोबर बांधला होता म्हणून राहिला, देवघरातल्या पेटीत होता म्हणून कुणी हात लावला नाही, आजोबांनी ‘जमिनीचे कागद आहेत’ असे सांगून ठेवले होते म्हणून टिकला, अशी कारणे लागतात. पाचवा रकाना खलनायकाचा. त्याला रोजनिशीबद्दल कळले कुठून, याचे उत्तर तिथे नसेल तर तो कादंबरीत न आलेलाच बरा.

पुण्याच्या कागदपत्रांना गळती लागलेल्या खऱ्या जागा इतक्या आहेत की नव्या शोधाव्या लागत नाहीत. नाना फडणिसांनी दप्तराचा काही भाग वाईजवळच्या मेणवलीला नेला. १८१८ मध्ये दुसरा बाजीराव गेला आणि पेशवे दप्तर कंपनीच्या ताब्यात आले. बाजीरावाबरोबर माणसे बिठूरला गेली आणि १८५७ मध्ये बिठूर उद्ध्वस्त झाले. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती जळाल्या. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीत सातारा, सांगली, कोल्हापूर भागांतल्या अनेक घरांबरोबर त्यांतले कागदही गेले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्यानंतर वाडे पाडून इमारती उठल्या, तेव्हा माळ्यावरचे काय कुठे गेले याची नोंद कुणीच ठेवली नाही.

यांतली सर्वांत कामाची जागा मात्र फारसे कुणी वापरत नाही: इनाम कमिशन. १८५२ च्या कायद्याने कंपनी सरकारने सारामाफीच्या जमिनींचे हक्क तपासायला घेतले. घरोघरच्या सनदा, ताकीदपत्रे, हिशेब बाहेर आले. जमीन वाचवायला काहींनी बनावट कागदही पुढे केले. आता बघा: कारकुनाच्या रोजनिशीत खुनाबद्दल काय आहे याची १८५५ साली त्याच्या नातवाला फिकीर नाही. पण तिच्यात एका ओळीत ‘अमुक गाव हंगामी दिले’ असे असेल, आणि घराणे ते गाव वंशपरंपरा इनाम म्हणून सांगत असेल, तर तो नातू नेमकी ती पाने काढून टाकील. इतिहासाचा पुरावा जमिनीच्या भांडणात नाहीसा झाला. असे हरवणे कटकारस्थानापेक्षा जास्त पटते, आणि आजच्या वारसालाही तेच भय असू शकते. सातबारा अजून चालू आहे.

दुसरा खरा मार्ग म्हणजे कागद घरी नेणारा अधिकारी. नाझी पुढारी आल्फ्रेड रोझेनबर्गची रोजनिशी न्यूरेंबर्गच्या खटल्यात सरकार पक्षाकडे होती. तिथला एक वकील रॉबर्ट केम्पनर याने ती अमेरिकेत स्वतःबरोबर नेली. तो १९९३ मध्ये वारला, त्याच्या कागदपत्रांवरून घरच्यांचे आणि इतरांचे वाद झाले, आणि पाने सरकारच्या हाती लागली २०१३ मध्ये. वीस वर्षे एक दस्तऐवज तळघर-पेटाऱ्यांच्या राजकारणात फिरत होता. यात गुप्त संघटना कुठेच नाही. म्हातारा वकील, त्याचे मदतनीस, वारस, खोकी. तुमच्या तक्त्यात असा एक तरी माणूस हवा. तो इनाम कमिशनचा अव्वल कारकून असेल किंवा विसाव्या शतकातला ‘दोन दिवसांत परत आणतो’ म्हणून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, नेणारा अभ्यासक असेल.

तक्ता झाला की रोजनिशी स्वतः लिहा, सगळी. कादंबरीत पाच-सहा हजार शब्द येणार असले तरी चाळीसेक नोंदी हाताशी तयार हव्यात, म्हणजे पुढेमागे तपशील जुळतात. आणि इथे सर्वांत मोठी गफलत होते. अठराव्या शतकातला पुण्याचा कारकून ‘आज मन फार अस्वस्थ आहे’ असे लिहीत नाही. मनातले लिहिण्याची डायरी ही इंग्रजी शिक्षणानंतरची गोष्ट. तुमच्या माणसाची रोजनिशी म्हणजे रोजकीर्द: जमा, खर्च, कुणामार्फत, कशाबाबत. चामडी बांधणीची, पट्ट्याची वही डोळ्यांपुढे असेल तर तीही काढून टाका. सुटे बंद, म्हणजे सुटे कागद, घडी घातलेले, रुमालात बांधलेले. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले पेशव्यांच्या रोजनिशीतले उतारे छापील मिळतात. ते महिनाभर रोज चार पाने वाचलेत की भाषेचा ठेका कानात बसेल. बखरीची भाषा उचलू नका. बखर सांगण्यासाठी लिहिलेली असते, कीर्द विचारल्यावर दाखवण्यासाठी.

ही अडचण वाटते, पण रहस्यकथेला यासारखे साधन नाही. हिशेब लिहिणाऱ्याला काही लपवायचे नसते, कारण आपण काही उघड करतो आहोत हेच त्याला ठाऊक नसते. नमुना म्हणून दोन काल्पनिक नोंदी (‘छ’ म्हणजे चांद्र तारीख, जमादिलाखर हा मुसलमानी महिना):

‘छ १० जमादिलाखर. खर्च. खिडकी दरवाजा, कुलूप नवे १, किल्ल्या २, गुजारत विठोजी.’

‘छ १२ जमादिलाखर. शिल्लक. खिडकी दरवाजा, किल्ली १.’

मध्ये ‘छ ११’ चे पान नाही. बस, एवढेच. कुलपाला दोन किल्ल्या आल्या, दोन दिवसांनी एक उरली. पहिली नोंद साठाव्या पानावर द्या, तेल, गहू, चुना यांच्या गर्दीत. दुसरी दीडशेव्या पानावर. वाचकाच्या नजरेतून किल्ली सुटली पाहिजे आणि नंतर त्याने मागे जाऊन पान शोधले पाहिजे. रोजनिशीत ‘मारेकऱ्यांना आत कुणी घेतले ते मी पाहिले’ असे वाक्य असेल तर कादंबरी तिथेच संपते आणि उरलेली पाने फक्त धावपळीची होतात.

वाड्याला पाच दरवाजे होते: दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ किंवा नारायण. घटनेची जागा बदलू नका, फक्त नोंदीची जागा आपली ठेवा. आणि त्या ‘ध चा मा’ पासून जमल्यास लांब राहा. ते पत्र कुणाच्या हाती लागलेले नाही, आणि ते सापडले असे दाखवण्याची हौस आजवर पुष्कळांनी भागवली आहे. तरीही घ्यायचेच असेल तर पत्र मोडी लिपीत असणार हे लक्षात ठेवा. देवनागरी ध आणि म डोळ्यांपुढे आणून युक्ती रचू नका. ‘धरावे’ आणि ‘मारावे’ हे दोन्ही शब्द मोडीत चांगल्या मोडीवाल्याकडून बोरूने लिहवून घ्या, वर खाडाखोड करून बघा, मग ठरवा.

आता तारखा. अशा कादंबऱ्यांची लाज इथे जाते, कारण वाचकांत एक तरी जंत्री घेऊन बसलेला असतो. नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा: सोमवार, भाद्रपद शुद्ध १३, शके १६९५, विजयनाम संवत्सर. पेशवाईच्या कागदात हीच तारीख चांद्र तारखेने ‘छ ११ जमादिलाखर’ आणि सन अरबी शब्दांत ‘अर्बा सबैन मया व अलफ’ अशी यायची: चार, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७४. हा शुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवले की इसवी सन येतो. शकात एरवी ७८ मिळवायचे, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत, इंग्रजी साल पालटलेले असल्यामुळे, ७९. संवत्सराचे नाव तपासायला शकात १२ मिळवून ६० ने भागा आणि बाकी प्रभवापासून मोजा: १६९५ अधिक १२ म्हणजे १७०७, बाकी २७, सत्ताविसावे विजय. शुद्ध पक्षात चांद्र तारीख तिथीच्या एक-दोन मागे असते, कारण ती चंद्रदर्शनापासून मोजतात. तुमच्या नोंदीत तिथी १३ आणि चांद्र तारीख १६ निघाली तर गणित चुकले आहे.

याच गणितातून उत्कंठाही निघते. मुसलमानी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, पंचांगाचा सूर्योदयाला, इंग्रजी मध्यरात्री. रात्रीच्या एकाच घटनेवर तीन कागदांत दोन वेगळे वार पडू शकतात. तुमचा कारकून कोणता नियम पाळतो हे एकदा ठरवा आणि कादंबरीभर मोडू नका. नायिका पहिल्यांदा चुकीच्या नियमाने वाचते, रविवारची रात्र सोमवारची धरते, आणि सगळ्या संशयितांच्या जागा बदलतात. हे वळण फुकट मिळते आणि खरेही असते. गोष्ट १७५२ च्या मागे नेणार असाल तर आणखी एक खाच आहे. मुंबई-सुरतेचे इंग्रज तोवर जुन्या कॅलेंडरने लिहीत आणि गोव्याचे पोर्तुगीज नव्या. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या गणनेची. गोव्यात त्या दिवशी १६ जून होता.

आणि एक कागद तपासल्याशिवाय १७७३ ला हात लावू नका. त्या वेळी पुण्यात कंपनीचा वकील थॉमस मॉस्टिन होता. त्याची १७७२ ते १७७४ ची रोजनिशी छापलेली आहे. म्हणजे त्या आठवड्याची एक रोजनिशी सापडलेलीच आहे, फक्त ती परक्याची, वाड्याबाहेरची आहे. तुमच्या कारकुनाच्या नोंदी तिच्याशी कुठे जुळतात आणि कुठे मुद्दाम जुळत नाहीत हे ठरवलेत तर खऱ्या कागदाचा आधार मिळतो. नारायणरावाचा काका राघोबादादा, ज्याच्यावर खुनाचा आळ होता, तो पुढे १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करतो. त्या सौद्यात राघोबाच्या गळ्याला फास ठरेल असा कागद मुंबईच्या इंग्रजांना किती मोलाचा वाटला असता, हा विचार केलात तर तक्त्यातला आणखी एक हात मिळेल.

कागद आणि शाईबद्दल लेखक दोन टोकांना असतात. काही ‘जुनाट पिवळी पाने’ म्हणून मोकळे होतात, काही प्रयोगशाळेचे अख्खे प्रकरण लिहितात. पिवळी पडून तुकडे पडणारी पाने ही लाकडाच्या लगद्याच्या कागदाची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची आणि पुढची. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद अडीचशे वर्षांनी पुष्कळदा चांगला चिवट असतो. त्याला खाते ती कसर आणि वाळवी, आणि कोकणात दमट हवा. त्यावर विलायती कागदासारखा जलचिन्हाचा छाप नसतो. पान उजेडात धरल्यावर इंग्रजी गिरणीचे नाव आणि साल दिसले तर १७७३ विसरा: कागदावर साल उठवण्याची इंग्लंडातली पद्धत रूढ झाली ती १७९४ नंतर.

शाई काजळाची, गोंदात घोटलेली. ती फिकी पडत नाही, पण पाण्यात विरघळते. युरोपी लोहशाई उलट: तपकिरी पडते आणि कागदाला भोके पाडते. गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरांत ती भोके दिसतात. म्हणून पानशेतच्या पुरातून रोजनिशी काढायची असेल तर तिचे काय व्हावे हे शाईच ठरवते. बाहेरचे बंद धुऊन निघतील, आतले एकमेकांना चिकटतील, आणि एका पानाची अक्षरे समोरच्या पानावर उलटी उमटतील. ‘छ ११’ चे पान हरवले असेल तर ते असे आरशात मिळू शकते. पान नाही, त्याचा ठसा आहे, तोही अर्धा. संपूर्ण पान सापडण्यापेक्षा हे केव्हाही सरस.

बनावट रोजनिशीचा धागा घ्यावा का? घ्यावा, पण १९८३ चे हिटलर-रोजनिशी प्रकरण नीट समजून घेऊन. ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने नव्वद लाखांहून अधिक मार्क मोजून साठावर वह्या घेतल्या. लिहिणारा कोनराड कुजाऊ नावाचा नकलाकार निघाला. कागदात पांढरेपणासाठी घालतात ते रसायन युद्धानंतरच्या काळातले होते, बांधणीच्या दोऱ्यात पॉलिएस्टर होते, आणि मजकूर एका छापील संकलनातून उचललेला होता, त्यातल्या चुकांसकट. पण कादंबरीकाराला शिकायचे ते दुसरेच. हस्ताक्षरतज्ज्ञांनी सुरुवातीला वह्या खऱ्या ठरवल्या, कारण तुलनेला दिलेल्या नमुन्यांत खुद्द कुजाऊच्याच हातचे कागद होते. तज्ज्ञ मूर्ख नव्हते. त्यांच्यापुढे ठेवलेला ‘अस्सल’ नमुनाच नकली होता. तुमच्या कादंबरीत नायिकेचा मोडीतज्ज्ञ कारकुनाचे अक्षर ज्या सनदेशी ताडून बघतो ती सनद कुणी दिली, हा प्रश्न तिसऱ्या प्रकरणात हळूच पेरून ठेवा.

कार्बन चाचणीने ‘१७७३, अधिक-उणे पाच वर्षे’ असे उत्तर आणवू नका. साधारण १६५० ते १९५० या काळात त्या चाचणीचा आलेख इतका वळणावळणाचा आणि सपाट आहे की पेशवाईतला कागद आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा कागद तिला नेमके वेगळे सांगता येत नाहीत. अणुचाचण्यांनंतरचा, म्हणजे १९५५ नंतरचा कागद मात्र ती पकडते. साधी अतिनील विजेरी पुष्कळदा जास्त काम करते: चकाकी देणारे रसायन असलेला कागद अंधारात निळसर पांढरा पेटतो, हातकागद मंद राहतो. खोलीत दिवे बंद करून पाने एकामागून एक उजेडाखाली धरायची आणि सत्तावीस मंद पानांनंतर एकच पान पेटायचे. हा प्रसंग दीड पानात होतो आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

मोडी वाचण्याचा वेग हा तुमचा घड्याळाचा काटा आहे. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, आणि घाईत लिहिणाऱ्याचे अक्षर लागायला सरावलेल्या वाचकालाही पहिल्या पानाला तास-दोन तास जाऊ शकतात. पुढे हात ओळखीचा झाला की वेग येतो. म्हणून ‘तिने रात्रभरात रोजनिशी वाचून काढली’ हे वाक्य लिहू नका. रोज दोन-तीन पानेच उलगडतात, खलनायकाकडे छायाचित्रे आहेत आणि त्याचा वाचक हिच्यापेक्षा जुना आहे. आता पाठलागाची मोटार नसली तरी चालते. शोध पुण्याच्या पुरालेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात नेणार असाल तर तिथला खरा वेग ठेवा: ओळखपत्र, अर्ज, मागणीची चिठ्ठी, रुमाल येईपर्यंतची वाट, आणि हातात पेन्सिल. टेबलाशी बसणाऱ्या माणसाला नायिकेने ‘सर’ म्हणावे आणि रुमाल आणून देणाऱ्याला ‘काका’ किंवा ‘मामा’. कुठला रुमाल कोण मागून गेला हे बहुधा त्या मामांनाच आठवत असते.

चुकीचे वाचन हा तिथला सर्वांत चांगला फासा. जुन्या हिशेबांत पाव, अर्धा, पाऊण उभ्या रेघांनी दाखवत: २। म्हणजे सव्वादोन, २॥ म्हणजे अडीच, २॥। म्हणजे पावणेतीन. १९२० च्या सुमारास कुणी नक्कल करताना ‘तेल २। शेर’ चे ‘तेल २१ शेर’ केले, त्यावरून एका विद्वानाने खुनाच्या आदल्या रात्री वाडाभर दिवे जळत होते असा सिद्धान्त मांडला, आणि आजवर सगळे त्याच उजेडात कटाकडे पाहताहेत. मूळ पान सापडते तेव्हा उलगडते की वाड्याचा तो भाग अंधारात होता. कुणी कुणाला ओळखले, या सगळ्या साक्षी तिथे ढासळतात. एका रेघेत हे होते.

खलनायकाला हवे काय, हे कायद्यावरून तपासून घ्या. १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्यानुसार ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित ७५ वर्षे जुने झाले की पुरावशेष ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत पुरलेले काही सापडले तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याने दहा रुपयांवरच्या ऐवजाची खबर कलेक्टरला द्यावी लागते. म्हणजे नायकाने आडाच्या कडेला खणून पेटी काढली आणि घरी नेली, की त्या क्षणी तोही गुन्हेगार झाला. हे विसरू नका, वापरा. खलनायकाला पोलिसांत जायची धमकी देता आली पाहिजे, आणि ती खरी असली पाहिजे. कोट्यवधींचा लिलाव मात्र टाळा. मोडी हिशेबाच्या गठ्ठ्याला तशी किंमत येत नाही, आणि हे जाणणारा वाचक पुस्तक मिटतो. जमीन, घराण्याचे नाव, दत्तकाचा वाद, एखाद्याची अख्खी कारकीर्द ज्या नकलेवर उभी आहे ती नक्कल: यांतले एक पुरते.

आकारमान म्हणाल तर सत्तर-ऐंशी हजार शब्दांच्या कादंबरीत रोजनिशीचा उतारा एका वेळी दीडशे शब्दांवर जाऊ नये. जुनी भाषा वाचकाला गोड लागते ती एका पानापर्यंत. दर उताऱ्यात एकच अनोळखी शब्द ठेवा आणि त्याचा अर्थ पात्राच्या कृतीतून कळू द्या. ‘गुजारत म्हणजे मार्फत’ असे नायकाने नायिकेला समजावून सांगण्याचे संवाद सरसकट कापा. मोडी वाचणाऱ्या दोन माणसांत ते कधीच होत नाहीत. पहिला उतारा दहाव्या पानाच्या आत यावा, मूळ कागद हाती येण्याआधी, कुणाच्या तरी नकलेतून.

कारण नक्कल आणि मूळ यांतले अंतर हाच तुमच्या कादंबरीचा खरा माल आहे, आणि त्याला मराठीत थोर दाखला आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७ च्या धामधुमीतल्या आपल्या प्रवासाची हकीकत लिहून चिंतामणराव वैद्यांकडे दिली. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आले ते वैद्यांनी काटछाट करून, भाषा सुधारून. लोकांनी तेच मूळ समजून वाचले. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली ती १९६६ मध्ये. मधली साठेक वर्षे मूळ पोथी नष्ट झाली नव्हती आणि कुणी ती गाडलीही नव्हती, वाचक फक्त दुसरेच काही वाचत होते.

यावरून शेवटाचे ठरवा. शेवटच्या प्रकरणात रोजनिशी आगीत टाकण्याची लेखकांना फार हौस असते. तो शेवट वापरून झिजला आहे, शिवाय आज पहिल्याच दिवशी प्रत्येक पानाचे फोनवर छायाचित्र निघते, त्यामुळे जाळण्याला अर्थही राहत नाही. त्याऐवजी रोजनिशीचे मूळ कागद दप्तरखान्यात जमा होऊ द्यात, नोंद क्रमांकासकट. जमा करताना पाने मोजली जातात, तेव्हा एक कमी भरावे. ते पान कुणाकडे आहे हे वाचकाला दोन प्रकरणे आधी कळलेले असावे आणि नायिकेला तिथे, टेबलापाशी, पावतीवर सही करताना कळावे. सही करायची की नाही, हा तिचा प्रश्न.

तक्ता आधी भरा. तिसरा रकाना सगळा भरेपर्यंत पहिले प्रकरण लिहू नका, आणि एखाद्या हाताचे कारण सापडतच नसेल तर तो हात काढून टाका, सातांऐवजी सहा चालतील.